तीन पांढऱ्या कॉलनी आणि साखरलेला पाक: नुसत्या प्रथिनाचा वारसा चालतो कसा

एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. त्यांच्या प्रात्यक्षिकात ७४-डी६९४ हा यीस्टचा स्ट्रेन, म्हणजे वाण, वापरला होता. लाल कॉलनींनी भरलेल्या प्लेटवर तीन पांढऱ्या कॉलनी उगवल्या आणि शिकवणारे सर म्हणाले, "प्रिऑन असेल." तिची अडचण अशी: प्रिऑन म्हणजे नुसतं प्रथिन, त्यात ना डीएनए ना आरएनए. मग पांढरेपणा आईपेशीकडून लेकीकडे जातो कसा? दर विभाजनाला प्रथिन निम्मं होत होत संपायला हवं. आणि जात असेलच, तर सेंट्रल डॉग्मा, म्हणजे माहिती न्यूक्लिक आम्लाकडून प्रथिनाकडे जाते, उलट नाही, हा नियम मोडला म्हणायचा का? कमावलेले गुण वारशाने जातात म्हणणाऱ्या लॅमार्कला परत बोलवायचं का?

बावीस वर्षं याच लाल-पांढऱ्या कॉलनी मोजते आहे, त्यामुळे जरा ऐसपैस लिहिते. त्या तीन कॉलनींचं काय करायचं ते शेवटी.

पातळ होण्याची शंका अगदी रास्त आहे. दोन-तीन मिलिमीटरच्या एका कॉलनीत कोटीच्या घरात पेशी असतात. एका पेशीपासून तिथवर पोचायला तेवीस-चोवीस पिढ्या लागतात. मूळ पेशीत एखाद्या प्रथिनाचे काही हजार रेणू होते असं धरलं तरी, कोणी भर घातली नाही तर बाराव्या-तेराव्या पिढीपासून पुढे बहुतेक पेशींच्या वाट्याला एकही येणार नाही. तरीही कॉलनी कडेपर्यंत पांढरी असते आणि तिच्यातून उचललेली पेशी पुन्हा पांढरीच कॉलनी देते. म्हणजे भर पडते आहे, आणि वाटणीही होते आहे. भर कशी पडते हे बहुतेक पुस्तकं सांगतात. वाटणी कशी होते हे सहसा उरकून टाकतात, आणि वारशाचं सगळं रहस्य तिथेच आहे.

आधी रंगाचा मामला. या स्ट्रेनमध्ये ॲडेनिन बनवणाऱ्या साखळीतल्या एडीई-१ या जनुकात अध्येमध्येच एक थांबा-खूण, यूजीए, बसलेली आहे. रायबोझोम तिथे येतो, थांबतो, एन्झाइम अर्धवट राहतं. साखळी तुंबते आणि तुंबलेल्या मालातून लाल रंगद्रव्य बनून रिक्तिकेत साठतं. (प्लेट दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवली की रंग आणखी खुलतो. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी घाईघाईने काढलेल्या प्लेटा म्हणूनच फिकट दिसतात.) थांबा-खूण ओळखून तयार प्रथिन रायबोझोमवरून सोडवणं हे ज्या जोडगोळीचं काम, त्यातलं एक म्हणजे सप-३५. ते ६८५ अमिनो आम्लांचं. मागचा मोठा भाग प्रत्यक्ष काम करतो, त्याच्यावाचून पेशी जगत नाही. पुढची साधारण १२३ अमिनो आम्लं मात्र ग्लुटामिन आणि ॲस्परजिनने भरलेली, कुठलीही पक्की घडी नसलेली, सैल सुटलेल्या दोऱ्यासारखी. हे दोरे एकमेकांत गुंतून तंतू झाले की सप-३५ची मोठी संख्या तिथे अडकून पडते. थांबा-खुणेवर पहारा ढिला होतो, रायबोझोम कधीकधी पुढे निघून जातो, थोडं का होईना पूर्ण एन्झाइम बनतं आणि कॉलनी पांढरी होते. मोकळं सप-३५ थोडं उरतं, म्हणून पेशी मरत नाही. या अवस्थेला साय-प्लस म्हणतात, लाल अवस्थेला साय-मायनस.

ब्रायन कॉक्स या जनुकशास्त्रज्ञाने हे १९६५ मध्ये पाहिलं तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला दिसला तो फक्त विचित्र वारसा. साय-प्लस आणि साय-मायनस यांचा संकर केला, त्यातून चार बीजाणू वेगळे काढले. केंद्रकातल्या जनुकाचा खेळ असता तर दोन असे, दोन तसे निघाले असते. निघाले चारही साय-प्लस. नंतर केंद्रकं एकत्र न येता फक्त पेशीद्रव मिसळेल असे संकर करता येऊ लागले. कार-१ हे जनुक बिघडलेले स्ट्रेन त्यासाठी वापरतात. त्यातूनही हा गुण पलीकडे जातो. म्हणजे जे काही आहे ते पेशीद्रवात आहे. मग लोकांनी तिथे प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा तुकडा) शोधला, विषाणू शोधला, मायटोकॉन्ड्रिया तपासला. हाती काही लागलं नाही. १९७१ मध्ये फ्रान्समध्ये फ्रांस्वा लाक्रूतला असाच दुसरा घटक सापडला, यूआरई-थ्री, आणि तोही त्याच कोड्यात जाऊन पडला.

कोडं सोडवलं रीड विकनर यांनी, १९९४ मध्ये, अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेत. विकनर आधी यीस्टच्या किलर विषाणूवर काम करायचे. पेशीद्रवातून वारशाने जाणारं न्यूक्लिक आम्ल कसं वागतं हे त्यांना तोंडपाठ होतं, म्हणून यूआरई-थ्री तसं वागत नाही हे त्यांच्या नजरेत भरलं. त्यांचा युक्तिवाद मला आजही जनुकशास्त्रातला सर्वांत देखणा वाटतो. एकही प्रथिन शुद्ध न करता, नुसत्या प्लेटा आणि संकर यांच्या जोरावर त्यांनी तो मांडला.

त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली: घटक घालवला तरी तो परत येऊ शकतो. विषाणू किंवा प्लाझ्मिड एकदा गेला की गेला, बाहेरून आणल्याशिवाय येत नाही. यूआरई-थ्री घालवलेल्या पेशींत मात्र क्वचित, दहा लाखांत एखादी या प्रमाणात, तो आपोआप उगवतो. कारण कच्चा माल, म्हणजे साधं प्रथिन, पेशीत असतोच. दुसरी: तेच प्रथिन पेशीत जास्त बनवलं की घटक उगवण्याचं प्रमाण वाढतं. जितके जास्त रेणू, तितकी चुकून एखाद्याची घडी फिरण्याची शक्यता जास्त.

तिसरी गोष्ट जरा थांबून वाचा, वर्गात इथेच माना हलायच्या थांबतात. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए घ्या. तो टिकवायला केंद्रकातली काही जनुकं लागतात. त्यातलं एखादं बिघडलं की तो डीएनए जातो आणि पेशी मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए गमावलेल्या पेशीसारखी दिसते. साधा सरळ न्याय. यूआरई-थ्री टिकायला यूआरई-२ हे जनुक लागतं. ते काढून टाकलं की यूआरई-थ्री जातो. पण आता पेशी दिसते ती यूआरई-थ्री असलेल्या पेशीसारखी! पोसणारा गेला, पाहुणा गेला, आणि घर मात्र पाहुणा आत असल्यासारखंच.

याचा अर्थ एकच लागतो. यूआरई-२ हे प्रथिन नायट्रोजनचा चांगला पुरवठा असताना हलक्या स्रोतांची दारं बंद ठेवतं. जनुक काढलं तर प्रथिनच नाही, दारं उघडी. यूआरई-थ्री असेल तर प्रथिन आहे, पण तंतूंत अडकून निकामी, म्हणून दारं उघडीच. दोन वेगळ्या कारणांनी एकच दृश्य. म्हणजे हा घटक म्हणजे त्या प्रथिनाचंच बिघडलेलं, आणि बिघाड पसरवणारं, रूप. विकनर यांनी त्याच लेखात साय-प्लसचाही हिशोब असाच लागतो हे दाखवलं. सप-३५चं जनुक अंशतः बिघडलं तरी थांबा-खूण ओलांडली जाते आणि साय-प्लस असला तरीही तेच होतं.

आता यंत्रणा. मराठीत प्रिऑन समजावताना सगळे विरजणाचं उदाहरण देतात. मला ते पटत नाही. विरजणातले जिवाणू जिवंत असतात, त्यांच्याकडे स्वतःचा डीएनए असतो, ते खातात आणि वाढतात. प्रिऑन काही बनवत नाही. त्यापेक्षा लाडवाचा पाक आठवा. कढईच्या कडेला साखरेचा न विरघळलेला एक कण राहिला आणि तो पाकात पडला, की बघता बघता सगळा पाक साखरतो. कणाने नवी साखर बनवली नाही. पाकात होती तीच त्याच्यावर येऊन बसली, त्याच्याच मांडणीत. कण नसता तर पाक बराच वेळ नितळ राहिला असता.

शुद्ध सप-३५चा पुढचा भाग परीक्षानळीत ठेवला की अगदी हेच होतं. सुरुवातीला बराच वेळ काही दिसत नाही, मग एकदम तंतू वाढायला लागतात. आधी तयार केलेल्या तंतूंचा चुरा शेकडा एक-दोन टक्के घातला की ती वाट पाहणी संपते. तंतूच्या टोकाला मोकळा रेणू येऊन टेकतो, घडी घालतो आणि स्वतःच नवं टोक बनतो. ती घडी कशी? २००६ नंतरच्या घन-अवस्था एनएमआर (रेणूंची रचना शोधण्याचं एक तंत्र) प्रयोगांनी सुचवलं की रेणू ताटांच्या चवडीसारखे एकावर एक बसतात, खालच्याच्या ग्लुटामिनवर वरच्याचं ग्लुटामिन, दोन थरांत साधारण ०.४७ नॅनोमीटर अंतर. इस्त्रीच्या पातळाला एकदा जिथे मोड पडली तिथेच पुढची घडी पडते, तसं खालच्या रेणूची साखळी जिथे वळली तिथेच वरच्याला वळावं लागतं. 'कुठे वळायचं' ही माहिती अशी रेणूकडून रेणूकडे जाते.

एक गंमत सांगून पुढे जाते. विकनर यांच्या गटाने या भागातल्या अमिनो आम्लांचा क्रम पत्ते पिसावेत तसा पिसून टाकला. प्रमाण तेच, क्रम भलताच. तरीही प्रिऑन झाले. म्हणजे क्रमापेक्षा घटकांचं मिश्रण महत्त्वाचं. ज्यांनी आयुष्यभर 'क्रम म्हणजेच सर्वस्व' शिकवलं त्यांच्यासाठी हा चांगलाच चिमटा होता.

आता वाटणी. साखरलेला पाक पुन्हा आठवा, पण या वेळी समजा ढवळलाच नाही. मग एक मोठा खडा बनेल. त्या पाकाचे दोन भाग केले तर खडा एकाच भांड्यात जाईल, दुसरं नितळ राहील. पेशीत हेच झालं तर? यीस्टची लेक कळीसारखी फुटते, आईपेक्षा लहान असते. मोठा तंतूंचा गठ्ठा आईतच राहील, लेक लाल निघेल. प्रथिन तंतू करत राहिलं तरी वारसा चालणार नाही. ढवळत राहिलं तर मात्र बारीक रवा होतो, आणि कुठल्याही वाटीत ओतलं तरी चार कण येतातच.

पेशीतला उलथन्याने ढवळणारा हात म्हणजे एचएसपी-१०४ हे प्रथिन. सहा रेणूंचं कडं, मध्ये भोक. उष्णतेने गोळा झालेली प्रथिनं एचएसपी-७० आणि एचएसपी-४० या मदतनीस प्रथिनांच्या साहाय्याने पकडायची, दोरा सुईतून ओढावा तशी भोकातून ओढून सोडवायची, हे याचं खरं काम. तंतूवर हेच केलं की मधला एखादा रेणू उपटला जातो आणि तंतू तुटतो. एका तंतूचे दोन, म्हणजे दोन टोकांची चार टोकं. १९९५ मध्ये युरी चेर्नॉफ, सुझन लिंडक्विस्ट, सुझन लीबमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एचएसपी-१०४ काढून टाकलं की साय-प्लस नाहीसा होतो. त्याच लेखात दुसरी, जास्त गमतीची गोष्ट होती: एचएसपी-१०४ फार वाढवलं तरीही तो नाहीसा होतो. ढवळलं नाही तर खडा, नको तितकं घोटलं तर सगळं पुन्हा विरघळतं, असं आम्ही वर्गात सांगतो. नेमकं तसंच होतं का, यावर अजून वाद आहेत आणि ते परिषदेच्या चहाच्या टेबलावर ऐकण्यासारखे असतात.

परीक्षानळीत अशा प्रकारचे तंतू बनवणारी प्रथिनं ढिगाने आहेत. योग्य परिस्थिती दिली तर कितीतरी साधी प्रथिनंही बनवतात. वारशाने जाणारे प्रिऑन मात्र मोजके. जुळायला अनेकांना येतं. नेमक्या वेगाने तुटायला फार थोड्यांना.

याचा सर्वांत सुंदर पुरावा मोतोमासा तनाका आणि जॉनथन वाइसमन यांच्या गटाने दिला. सप-३५चा पुढचा भाग त्यांनी ई. कोलाय या जिवाणूत बनवून शुद्ध केला, म्हणजे यीस्टचा डीएनए जवळपासही नाही. त्याचे तंतू एकदा ४ अंश सेल्सियसला आणि एकदा ३७ अंशाला बनवले. मग पेशीभिंत काढलेल्या साय-मायनस पेशींत ते घातले. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला निकाल: ४ अंशाच्या तंतूंनी ठसठशीत पांढरे साय-प्लस दिले, ३७ अंशाच्या तंतूंनी गुलाबीसर, दुबळे. प्रथिन तेच, क्रम तोच, घडी वेगळी, आणि ती वेगळी घडी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. केवळ प्रथिन पुरेसं आहे का, या वादावर माझ्या मते तिथेच पडदा पडला.

दोन वर्षांनी त्यांनीच कारण शोधलं. वाटेल की ४ अंशाचे तंतू झपाट्याने वाढत असतील. उलट निघालं. ते वाढतात हळू, पण असतात ठिसूळ. पटापट तुटतात, टोकं भरपूर होतात, जितकी टोकं जास्त तितकं मोकळं सप-३५ पटकन अडकतं. ३७ अंशाचे तंतू वाढतात भरभर, पण चिवट, तुटत नाहीत. शेवटी जिंकतो तो ठिसूळ. मेंढ्या आणि मिंक यांच्या रोगांत एकाच प्रथिनाचे वेगवेगळे 'स्ट्रेन' कसे असू शकतात, डीएनए नसेल तर फरक लिहिलेला कुठे असतो, हा प्रिऑनविरोधकांचा वर्षानुवर्षांचा हुकमी प्रश्न होता. उत्तर यीस्टच्या प्लेटवर मिळालं.

ग्वानिडीन या रसायनाबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण दरवर्षी कोणीतरी अडतं. साय-प्लस घालवायला आम्ही माध्यमात ३ ते ५ मिलिमोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड घालतो. मागच्या वर्षी एक नवा मुलगा बाटली हातात धरून म्हणाला, "मॅडम, पुस्तकात प्रथिन उलगडायला ६ मोलर लागतं. तुम्ही दीड हजारपट कमी घालताय. याने तंतू कसे उलगडतील?" शंका बिनतोड होती. ते उलगडतच नाहीत. इतकं थोडं ग्वानिडीन एचएसपी-१०४ला गप्प बसवतं, बस. तंतू आहेत तिथेच असतात, वाढतही असतात, पण तुटणं थांबतं. मग पातळ होण्याची ती मूळ शंका खरी व्हायला लागते: पेशी वाढतात, बीजं (नव्या पेशीत तंतू सुरू करू शकणारे तुकडे) वाढत नाहीत, दर विभाजनाला वाटणी पातळ होते. साधारण चार-पाच पिढ्या काहीच कळत नाही, सगळ्या पेशी अजून साय-प्लसच असतात. मग एकही बीज न मिळालेल्या पेशी दिसायला लागतात आणि त्यांचं प्रमाण भराभर वाढतं. किती पिढ्यांनी पहिली लाल निघाली यावरून सुरुवातीला पेशीत किती बीजं होती याचा उलटा हिशोब करता येतो. मिक टुइट आणि ब्रायन कॉक्स यांच्या गटाने तो केला. दुबळ्या प्रकारांत काही दहा, जोरकस प्रकारांत काही शे, असे आकडे येतात. या बीजांना ते 'प्रोपॅगॉन' म्हणतात. ज्याला तुम्ही पुस्तकात आनुवंशिक घटक म्हणून वाचलंत तो हाच. अख्खा तंतू नव्हे, तर वाटणीत जाऊ शकेल असा तुकडा.

आता माणसाकडे. इथे 'आनुवंशिक' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि गोंधळ होतो. क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा प्रिऑन-रोग जगभर वर्षाला दहा लाखांत एक-दोघांना होतो, बहुतेकांना कुठल्याही कारणाविना. थोड्या घराण्यांत तो वारशाने येतो. पण त्या घराण्यांत वारशाने येतो तो डीएनए: २०व्या गुणसूत्रावरच्या पीआरएनपी जनुकातला बदल, ज्यामुळे पीआरपी प्रथिनाची घडी उतारवयात फिरण्याची शक्यता वाढते. फिरलेली घडी स्वतः बीजांडातून किंवा शुक्राणूतून पुढच्या पिढीत जात नाही. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमधला कुरू हा याच जातीचा रोग आठवा. मृत नातेवाइकांचं मांस खाण्याच्या अंत्यविधीतून तो पसरत होता. ती प्रथा थांबल्यानंतर, कुरू झालेल्या आयांच्या पोटी जन्मलेल्या मुलांत तो दिसला नाही. तेव्हा प्राण्यांतला प्रिऑन संसर्गजन्य आहे. यीस्टमधला प्रिऑन मात्र खऱ्या अर्थाने आनुवंशिक आहे, कारण यीस्टच्या लेकीला आईचं पेशीद्रवच मिळतं. दोन्हींत रसायन एक, प्रवासाची वाट वेगळी. शिवाय एचएसपी-१०४ हे यंत्र प्राण्यांच्या पेशीत नाहीच.

(आणि नाही, पावातल्या यीस्टमुळे मेंदूला काही होत नाही. सप-३५ आणि आपलं पीआरपी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हा प्रश्न दर व्याख्यानात येतो.)

सेंट्रल डॉग्मा मोडलेला नाही. तो मांडणाऱ्या फ्रान्सिस क्रिकचं म्हणणं अमिनो आम्लांच्या क्रमाबद्दल होतं: क्रमाची माहिती एकदा प्रथिनात गेली की परत न्यूक्लिक आम्लात येत नाही. सप-३५चा क्रम आजही डीएनएच ठरवतो. जनुक काढा, प्रिऑन त्याच दिवशी मेला. प्रिऑन क्रम बदलत नाही, फक्त घडी पुढे देतो. क्रिकने १९७०च्या लेखात स्क्रेपीचा, म्हणजे मेंढ्यांच्या प्रिऑन-रोगाचा, उल्लेख केला होता, म्हणजे हा कोपरा त्याच्या नजरेतून सुटलेला नव्हता. आणि आकाराचा वारसा यीस्टपुरता नाही. कॉक्सचा लेख आला त्याच वर्षी, १९६५ मध्ये, जनीन बेसाँ आणि ट्रेसी सॉनबॉर्न यांनी पॅरामेशियम या एकपेशीय जिवाच्या अंगावरच्या केसांसारख्या तंतूंच्या (सिलिया) रांगा उलट्या बसवल्या आणि त्या शेकडो पिढ्या उलट्याच राहिल्या, जनुकात काहीही न बदलता.

लॅमार्कबद्दल: ताण आला की साय-प्लस उगवण्याचं प्रमाण वाढतं हे खरं, पण तो गरज ओळखून येत नाही. थांबा-खुणा सगळीकडेच ढिल्या होतात, त्यातून फायदा झाला तर झाला. लिंडक्विस्ट यांचं म्हणणं होतं की हाच पेशीचा सट्टा आहे: अडचणीच्या काळात दडलेली विविधता बाहेर काढायची, काळ सुधारला की परत लाल व्हायचं. विकनर म्हणतात, हा यीस्टचा रोग आहे. त्यांच्या गटाने २००५ मध्ये ७० रानटी स्ट्रेन तपासले, त्यांत साय-प्लस किंवा यूआरई-थ्री एकातही सापडला नाही; उपयोगी असता तर इतका दुर्मिळ का? २०१२ मध्ये लिंडक्विस्ट यांच्या गटाने सुमारे ७०० रानटी स्ट्रेन चाळले, थोड्यांत साय-प्लस सापडला आणि बऱ्याच स्ट्रेनमध्ये ग्वानिडीनने बदलणारे गुण दिसले. साय-प्लसपुरती मी विकनर यांच्या बाजूला झुकते. दहा लाखांत एकदा होणारी गोष्ट मला योजनेपेक्षा अपघातासारखी वाटते. पण पोडोस्पोरा या बुरशीतला हेट-एस याला अपवाद आहे. दोन परक्या बुरशींचे धागे एकमेकांत मिसळू लागले की हा प्रिऑन तिथल्या पेशी मारतो, जणू बांधावरची राखण. रानटी पोडोस्पोरात तो सर्रास आढळतो. तिथे रोग म्हणणं कठीण आहे.

आता तुमच्या तीन कॉलनी. लगेच प्रिऑन म्हणू नका. पांढरं होण्याची निदान चार कारणं आहेत.

पहिल्यांदा ग्लिसरॉलच्या प्लेटवर ठिपके द्या. ग्लिसरॉलवर वाढायला श्वसन लागतं, म्हणून उगवल्या नाहीत तर त्या पेटिट आहेत, म्हणजे श्वसन बिघडलेल्या. लाल रंगद्रव्य बनायला श्वसन लागतं, म्हणून त्या पांढऱ्या राहतात. मी पहिल्या वर्षी अकरा 'साय-प्लस' कॉलनी गोळा करून गाईडना अभिमानाने दाखवल्या होत्या. त्यातल्या नऊ पेटिट निघाल्या. ते काही बोलले नाहीत, फक्त ग्लिसरॉलची बाटली माझ्या बाकावर ठेवून गेले. पुढे ॲडेनिन नसलेल्या प्लेटवर ठिपके द्या. तिथे उगवत नसेल तर साखळीतलं आधीचंच एखादं जनुक बिघडलंय, तुंबायला मालच पोचत नाही, म्हणून पांढरं. साय-प्लस तिथे उगवतो, पण सावकाश, तीन ते पाच दिवस थांबा. तिसऱ्या टप्प्यात ग्वानिडीनच्या प्लेटवर तीनदा रेघा ओढून साध्या माध्यमावर परत आणा. तरीही पांढरी राहिली तर डीएनएतला बदल आहे: थांबा-खूण दुरुस्त झाली असेल किंवा एखादा सप्रेसर, म्हणजे तिचा परिणाम झाकणारा दुसऱ्या जनुकातला बदल, आला असेल. लाल झाली तर पेढे वाटा, पण अर्धेच.

कारण आता तुम्ही उलट तपासणी कराल: लाल झालेल्या पेशीत सप-३५ जास्त बनवून साय-प्लस परत येतो का पाहाल. आणि बहुधा येणार नाही. घाबरू नका. इरिना डेरकाच आणि लीबमन यांना १९९७ मध्ये हेच दिसलं होतं. ग्वानिडीनने लाल केलेल्या पेशी परत पांढऱ्या व्हायला तयार नव्हत्या, एचएसपी-१०४ वाढवून लाल केलेल्या मात्र आरामात होत होत्या. फरक असा की पेशीत आणखी एक प्रिऑन होता, पिन-प्लस. तो आरएनक्यू-१ या प्रथिनाचा आहे हे पुढे कळलं. सप-३५चा पहिला तंतू सुरू व्हायला तो ठिणगी देतो. एचएसपी-१०४ वाढवल्याने पिन-प्लस जात नाही. ग्वानिडीनने मात्र दोन्ही जातात, कारण दोघांनाही तुटायला तेच यंत्र लागतं. म्हणून लाल झालेली कॉलनी आधी पिन-प्लस असलेल्या, पण साय-मायनस, स्ट्रेनशी पेशीद्रव मिसळून घ्या, मग सप-३५ वाढवा. आणि प्लेटवर तारखेबरोबर 'पिन'ची अवस्थाही लिहा. आमच्या फ्रिजमध्ये न लिहिलेल्या तीसेक प्लेटा अजून पडून आहेत.